सातव्या वर्षीचा मळा

कायदा डोंगरावरून खाली उतरतो आणि उतरताना सोबत गडगडाट घेऊन येतो, असं जगातल्या बऱ्याच धर्मांनी मानलेलं आहे. आमच्या भागात डोंगरावरून पाणी उतरतं, मजुरांच्या टोळ्या उतरतात, आणि पाणी पोचलं नाही तर त्याबद्दलची भांडणं उतरतात. कायदा पुण्याहून येतो, आणि तोही बहुधा वाटेत चहाला थांबून.

हा कायदाही तसाच आला. पांढरीशुभ्र गाडी, मागच्या सीटवर प्रोजेक्टर, आणि पुढच्या सीटवर एक उपदेशक. माणूस देखणा, शर्टाच्या बाहीची इस्त्री प्रवासातही न मोडलेली. परदेशात शिकून आलेला. तिकडे काही ख्रिस्ती मंडळींची चळवळ आहे. देशाचा दिवाणी आणि फौजदारी कायदा माणसांनी बसून ठरवू नये, तो बायबलात मोशेने सांगितलेल्या नियमशास्त्रातून जसाच्या तसा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारांची जाडजूड पुस्तकं मी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी वाचून काढली होती. लिहिणारे विद्वान होते यात शंका नाही. कुठल्या गुन्ह्याला धोंडमार करावी आणि कुठल्याला नको यावर त्यांचा आपसात फार सभ्य भाषेत वाद चाललेला असे.

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पोरांकडून वर्षानुवर्षं राज्यघटनेची उद्देशिका पाठ करून घेतली. ती त्यांना पाठ झाली आणि मला पटत गेली. त्यामुळे कोणीही कुठल्याही धर्माचा ग्रंथ हातात घेऊन ‘देशाचा कायदा असा हवा’ म्हणू लागला की मी खुर्ची जरा मागे सरकवून बसतो. अशी खुर्ची मागे सरकवायचे प्रसंग हल्ली वाढलेत, आणि ते काही एकाच धर्माच्या कृपेने नाही.

शिबिराला मी गेलो तो माझ्या शेजाऱ्यामुळे. माझ्या शेताच्या बांधाला लागून, कुकडी नदीच्या बाजूला, त्याचा द्राक्षमळा. त्याचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते, ते बरे होऊन आले आणि येताना ख्रिस्ती होऊन आले. बाकी घर गावासारखंच. तीच बोली, तोच कांदा, यात्रेतल्या कुस्त्यांचं तेच वेड. फक्त रविवार वेगळा. मळ्याच्या कोपऱ्यात आजोबांनी दिलेल्या जागेवर पत्र्याचं छोटं प्रार्थनामंदिर आहे आणि आसपासच्या गावांतली वीसेक घरं तिथं उपासनेला येतात. अशा मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना ‘वडील’ म्हणतात. आजोबा वडील होते, मग बाप झाला, मग तो. गाव त्याला चांगला द्राक्षवाला म्हणून ओळखतं. पण त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, तू कोण, तर तो आधी ‘वडील’ म्हणाला असता आणि द्राक्षं नंतर आठवली असती.

“सर, या एकदा,” तो मला म्हणाला होता. “तुमच्या घटनेचं काय करायचं ठरलंय ते कानावर तरी असू द्या.”

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. उपदेशकाने पडद्यावर तराजू दाखवला, मग लाकडी हातोडा दाखवला. आपल्या कोर्टात हातोडा आपटत नाहीत, पण सिनेमात आपटतात म्हणून सगळ्यांना तो ओळखीचा वाटला. मग तो बोलू लागला, आणि चांगलं बोलला. राजा असो की मंत्री, तो देवाच्या कायद्याखाली आहे. नियमशास्त्रातला एक कानाही गळायचा नाही. आपल्याला सोयीचं तेवढं घ्यायचं आणि बाकीचं सोडायचं, हा माणसाचा जुना रोग आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धी फौजदारी संहिता बदलून झाली होती.

चहाच्या आधी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा माझा शेजारी उभा राहिला.

“साहेब, द्राक्षाचं काय?”

“द्राक्षाचं?”

“सहा वर्सं मळा छाटायचा. सातव्या वर्साला हात लावायचा न्हाई. छाटायचा न्हाई, तोडायचा न्हाई. आपोआप येईल ते गरिबाचं, परक्याचं, जनावराचं. लिवलंय ना?”

“हो, हो. पण तो नियम इस्राएलाच्या भूमीपुरता होता.”

“अन् धोंडमार?”

“त्यामागचं तत्त्व आजही लागू आहे.”

“म्हंजे दगड चालू अन् द्राक्षं बंद,” शेजारी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच टिपून घ्यायचं होतं. पण मागच्या रांगांत हशा पिकला, आणि बायकांच्या बाजूने त्याच्या बायकोचा आवाज आला.

“साहेब, यांचा मळा यंदा सातव्यात हाय, म्हणून इचारत्यात. तुमी नुसतं ‘लागू न्हाई’ म्हणा, म्हंजे मी सुटले.”

उपदेशकाला ते म्हणता आलं असतं. पण दोन दिवस तो एक कानाही गळायचा नाही म्हणत होता, आणि सभागृह भरलेलं होतं. त्याने क्षणभर प्रोजेक्टरकडे पाहिलं. “ज्याचा विश्वास तेवढा मोठा असेल,” तो म्हणाला, “त्याने जरूर पाळावा.”

माझा शेजारी खाली बसला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की हा माणूस पाळणार.

*

एप्रिलमध्ये आमच्याकडे द्राक्षाची खरड छाटणी होते. आधीचं पीक उतरलं की वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, बोडका करतात, मग त्याला नव्या काड्या फुटतात, आणि दिवाळीच्या सुमारास दुसरी छाटणी झाली की घोस. वर्षात दोनदा कात्री चालते तेव्हा द्राक्ष लागतं. बायबलातल्या देशात हिवाळा वेलाची पानं झाडतो आणि त्याला झोपवतो. आपल्याकडे वेलाला झोप नाही. त्याला कापलं नाही तर तो फळ धरायचं विसरतो आणि नुसता पळत सुटतो. नियमशास्त्र दिलं गेलं तेव्हा जुन्नरच्या हवेचा विचार झालेला नव्हता.

हे माझ्या शेजाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही आजूबाजूच्या मळ्यांत कात्र्या चालू झाल्या तेव्हा त्याने आपल्या कात्र्यांना तेल लावलं, त्या पोत्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या.

गावाने तोंडसुख घेतलं. पारावर कोणी म्हणालं, “वडलांनी मळ्याला पेन्शन लावली.” कोणी म्हणालं, “आमाला बी बाप्तिस्मा द्या, पण तो सातव्या वर्साचाच.” त्याच्या घरात वेगळंच चाललं होतं. मी ओट्यावर बसलेला असताना त्याच्या बायकोने चहाचा कप ठेवला आणि विचारलं, “सर, तुमी कायद्याचं शिकीवलंय. जमिनीला सातव्या वर्साला सुट्टी. बाईला कितव्या?”

“तुला दर रविवारी हाय की,” नवरा म्हणाला.

“अन् रविवारी मंडळीला चहा कोन करतं? तुमचा मोशे?”

तो हसला. मग हसू थांबल्यावर मला म्हणाला, “सर, कांदा हाय, थोडा ऊस हाय, उपाशी न्हाई मरणार. पण तीन पिढ्या आमी रविवारी उभं राहून वाचतोय. एकदा तरी करून बघायला पायजे ना? न्हाईतर वडील म्हणून पुढं उभं राहायचं कशाच्या जोरावर?”

मी उद्देशिका इतकी वर्षं पाठ करून घेतली होती. ‘एकदा तरी करून बघू’ असं मी कधी म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यात मळ्याचं काय झालं ते सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, आणि शब्द हा माझा धंदा होता. छाटलेला मळा म्हणजे कवायतीला उभी केलेली शाळा असते. सरळ ओळी, सरळ तारा, मोजून ठेवलेली पानं. हा मळा आधी तारांवरून उतरला, मग दोन ओळींमधल्या वाटेत आला, मग समोरच्या ओळीला जाऊन भिडला. काड्यांनी काड्यांना धरलं. श्रावणात रोगाने अर्धी पानं करपली आणि आम्हाला वाटलं, संपलं. भाद्रपदात त्याच करपलेल्या काड्यांतून पुन्हा हिरवं फुटलं, आणि आता त्याला कुठे थांबायचं ते सांगणारं कोणी नव्हतं.

दसऱ्यानंतर एका सकाळी मी बांध ओलांडून आत गेलो. फवाऱ्याचा ट्रॅक्टर नाही, औषधाचा वास नाही. वर छत इतकं दाट की ऊन नाण्यांसारखं खाली सांडत होतं. आत बुलबुल होते, मुनिया होत्या, आणि कुठल्यातरी पोळ्यावरच्या मधमाश्यांचा एकसारखा सूर होता, देवळात पेटीचा एकच स्वर कोणी धरून ठेवावा तसा. मी देव मानत नाही. पण तिथे माझा आवाज आपोआप खाली आला. माझ्यासोबत कोणी नव्हतं, तरीही. मी स्वतःशीच हळू बोलू लागलो होतो.

*

दिवाळीनंतर डोंगरातली भातं काढून झाली की आंबेगावच्या पश्चिमेकडून, आहुप्याच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवरून, बायकांच्या टोळ्या मळ्यांच्या कामाला खाली येतात. घोसातले मणी विरळ करायचं काम त्यांच्या बोटांसारखं कोणाला जमत नाही. माझ्या शेजाऱ्याकडे दर वर्षी येणारी टोळी त्या वर्षी पलीकडच्या मळ्यात लागली. पण दुपारच्या भाकरीला त्या सवयीने इकडेच आल्या आणि बांधावर थबकल्या. टोळीची मुकादमीण साठीची, कपाळावर गोंदण, आवाज शेताच्या त्या टोकाला पोचेल असा.

“आरं भाऊ, ह्ये काय झालं? आजारी व्हता का काय?”

“न्हाई मावशी. यंदा छाटायचा न्हाई, तोडायचा न्हाई.”

“का बरं?”

“देवाला सोडलाय.”

“मंग आमी आत बसावं का न्हाई?”

“बसा की. लागलेलं दिसंल ते खा. पोटभर खा. फकस्त न्यायचं न्हाई. बाजाराला न्हाई अन् घरालाबी न्हाई.”

मावशीने वर छताकडे पाहिलं, मग बाकीच्या बायकांकडे पाहिलं. तिने पायांतल्या चपला काढल्या, बांधाच्या अलीकडे ठेवल्या आणि आत गेली. मग दुसरीने काढल्या. मग सगळ्यांनी.

माझा शेजारी हे बघत उभा राहिला. त्याला पुन्हा-पुन्हा वाचलेला एक प्रसंग आठवत असावा, देवाने मोशेला जळत्या झुडपापुढे जोडे काढायला लावल्याचा. मला आहुप्याची देवराई आठवली. तिथं हाच कायदा आहे. फांदी मोडायची नाही, वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, पिकलेलं फळ तिथंच खायचं. तो कुठे लिहिलेला नाही, त्याला शिपाई नाही, आणि मी तो मोडलेला पाहिला नाही.

माघात घोस दिसू लागले. ते द्राक्ष दुकानात कोणी घेतलं नसतं. एका घोसात हिरवे, पिवळे, सुकलेले आणि पाखरांनी फोडलेले मणी, सगळे एकत्र नांदत होते. पण चव अशी की मी लहानपणी खाल्लेली द्राक्षं मला आठवली, आणि लहानपणी आमच्याकडे द्राक्षं नव्हतीच.

बायका रोज यायच्या, खायच्या, जायच्या. एकीला घोस संपला नाही तेव्हा तिने उरलेला अर्धा वेलाच्या बुडाशी ठेवला आणि हात पदराला पुसून उठली. गावातले दोघे-तिघे बातमी ऐकून पिशव्या घेऊन आले, तर मावशीने बांधावरूनच विचारलं, “पावणं, पिशवी कशाला? सासरवाडीला निघालाय व्हय?” त्यांनी पिशव्या घडी करून खिशात घातल्या, चपला काढल्या आणि लाजत आत गेले. पुढे सरपंचही आला. त्यानेही बूट काढले, आणि त्याचे मोजे फाटके होते हे त्या वर्षी गावाला कळलं.

मी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसू लागलो. परदेशातल्या त्या जाडजूड पुस्तकांत राज्यं उलथवायच्या गोष्टी होत्या, न्यायाधीश कसे नेमावेत याची कलमं होती. आणि इथं एका तुकडाभर जमिनीवर, ज्यांनी ते शास्त्र कधी ऐकलं नव्हतं अशा बायका ते तंतोतंत पाळत होत्या. पोलीस नव्हता, दंड नव्हता, भाषण नव्हतं. मी आयुष्यभर ‘कायद्याचं राज्य’ हा धडा शिकवला. ते डोळ्यांनी पाहिलं ते तिथेच. त्याचा पाया मला मान्य नव्हता, हा भाग वेगळा.

*

हे सगळं उपदेशकाच्या कानावर गेलं होतं. ठिकठिकाणच्या शिबिरांत तो आता या मळ्याचा फोटो पडद्यावर दाखवत असे, हातोड्यानंतर लगेच. ईस्टरच्या आधी तो दोन पाहुणे घेऊन स्वतः बघायला आला. मंडळीतले लोक जमले, मीही होतो. पाहुणे भारावले. सगळे मळ्यातून चालत प्रार्थनामंदिराच्या मागच्या बांधाशी आले, आणि तिथे उपदेशक थांबला.

मंदिराच्या भिंतीपासून पाचेक पावलांवर गवत साफ करून जमीन शेणाने सारवली होती. मधोमध गुडघाभर उंचीचा एक दगड. त्याला चकचकीत शेंदूर, वर झेंडूची फुलं, पुढे फुटलेला नारळ आणि एक अर्धा खाल्लेला द्राक्षाचा घोस.

मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं. डोंगरातल्या बायकांचा हिशेब अगदी सरळ होता. जिथं कोणी फांदी तोडत नाही, जिथलं काही घरी नेत नाहीत, आणि मालक स्वतः सांगतो की देवाला सोडलंय, तिथे देव असणार. आणि देव आहे तर त्याला कोणीतरी शेंदूर लावायला हवा. त्यांनी मोशेचा कायदा इतका मनापासून पाळला होता की त्याची देवराई झाली होती.

“हे काय आहे?” उपदेशकाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, उलट उतरला होता. “माझ्या वेदीजवळ झाडांची राई नको, स्तंभ उभा करू नको, असं शास्त्र सांगतं. स्पष्ट सांगतं. आणि वडील, तुम्ही दोन्ही केलंत.”

“मी न्हाई केलं साहेब.”

“तुमच्या जमिनीवर आहे. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीसमोर हा दगड उपटा. ज्याच्या जमिनीवर मूर्ती आहे तो वडील राहू शकत नाही. हे मी म्हणत नाही.”

पाहुण्यांपैकी एकाने कॅमेरा हळूच बंद केला.

शेजारी त्या संध्याकाळी मावशीकडे गेला. मला सोबत नेलं, कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं. “मावशी, तेवढा दगड काढून न्या,” तो म्हणाला. “तुमच्या गावी न्या, पूजा करा, माझं काय म्हणणं न्हाई.”

“आमी न्हाई आणला भाऊ. तो हितंच व्हता. गवतात निजला व्हता. आमी नुसतं त्याचं तोंड धुतलं.”

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आपल्या जिल्ह्यात कुठलाही देव कोणी आणलेला नसतो, सगळे आपणहून प्रकट झालेले असतात. मी खांदे उडवले.

“आन तुमीच तर म्हणला, देवाचं हाय,” मावशी म्हणाली. “मंग देवाला बसाया जागा नको?”

परत येताना तो म्हणाला, “सर, दगड काढला तर या बाया दुखावतील. परक्याला दुखवायचं न्हाई, हेबी त्यातच लिवलंय. न्हाई काढला तर रविवारी आजोबांच्या जागेवर दुसरा उभा राहील. सगळा कायदा पाळाया गेलो अन् कायद्यानंच दोन्हीकडून धरलं.”

“मग काय करणार?”

“काढणार. मंडळीचं ऐकावं लागतं.” थोडं चालून तो म्हणाला, “मावशीला सांगंन, माझ्यावर रुसा, मळ्यावर नका.”

*

रविवारी उपासना संपली तेव्हा सगळी मंडळी बांधाशी अर्धवर्तुळात उभी राहिली. पुढे उपदेशक. बांधाच्या पलीकडे, म्हणजे माझ्या शेतात, टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेजाऱ्याची बायको नवऱ्याच्या हातात पहार देताना एवढंच म्हणाली, “पायावर मारून घेऊ नका.”

त्याने फुलं उचलून बाजूला ठेवली, कोणाला दिसेल अशी, नीट. मग पहार घातली. दगड हलला नाही. त्याने बाजूची माती काढली. दगड खाली जातच होता. वरून ओबडधोबड दिसणारा तो खाली चौकोनी घडवलेला होता. डोंगरातून पाटीत घालून आणलेला दगड असा नसतो. पहारेच्या धक्क्याने माथ्यावरच्या शेंदराचा एक पोपडा निघाला, आणि त्याच्या खाली छिन्नीने कोरलेल्या दोन रेघा दिसल्या. एक उभी, एक आडवी.

“क्रूस!” मंडळीतली एक म्हातारी ओरडली, आणि जमिनीवर बसली. तिच्यामागून आणखी दोघी बसल्या. पलीकडे मावशीने बाकीच्यांना कोपराने ढोसलं, “बघा, म्हणलं नव्हतं?” उपदेशकाच्या चेहऱ्यावर आनंद व्हावा की भीती वाटावी याचा निकाल लागत नव्हता. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. तसली खूण मी लहानपणी माझ्या बापासोबत पाहिलेली होती. बोलावं की नाही याचा मी बराच विचार केला आणि शेवटी बोललो.

“ती मोजणीची फुली आहे. हद्दीचा दगड आहे तो, इंग्रजांच्या वेळचा असेल. गाळाने बुजला होता.”

सगळे माझ्याकडे असं बघू लागले, जणू मी काहीतरी फोडलंय. फक्त माझ्या शेजाऱ्याने पहार हळूच जमिनीवर आडवी ठेवली. तो उपदेशकाकडे वळला नाही, मंडळीकडे वळला. रविवारी वाचनाला उभा राहतो तसा ताठ उभा राहिला.

“आपल्या शेजाऱ्याची हद्द जो सरकवंल तो शापित,” तो म्हणाला.

नियमशास्त्रात त्या शापानंतर सर्व लोकांनी काय म्हणायचं ते दिलेलं आहे. मंडळीला ते पाठ होतं. वीस घरांची माणसं, त्यात खाली बसलेल्या म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, सगळ्यांचा मिळून एकच आवाज निघाला, “आमेन.” तो त्या हिरव्या छताखाली शिरला आणि पाखरं गप्प झाली. वाक्य संपायच्या आत काहीतरी बदललं होतं. मी पुस्तकांत वाचलेला तो कायदा, ज्यावर मी खुर्ची मागे सरकवून हसत आलो, तो पहिल्यांदा माझ्यासमोर जिवंत उभा होता. आणि तो कोणाला दगड मारत नव्हता, दगडाला हात लावू नका म्हणत होता.

“तो नियम इस्राएलाच्या वतनांबद्दल होता,” उपदेशक म्हणाला.

“साहेब,” शेजारी अगदी नम्रपणे म्हणाला, “मी ज्याच्यावर बोट ठेवावं तो नेमका इस्राएलाचा निघतो.”

“हद्दीचा दगड हलवणं महसूल कायद्यातही गुन्हा आहे,” मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मोशे आणि महाराष्ट्र शासन एका बाजूला उभे होते, ते मला वाया घालवायचं नव्हतं.

उपदेशकाने बराच विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने न्याय केला. हा दगड खरोखर हद्दीचा असेल तर तो मूर्ती नाही, त्याला लावलेला शेंदूर ही लावणाऱ्याची चूक, आणि वडील आपल्या जागेवर राहतील. पण ते सिद्ध व्हायला हवं. तोपर्यंत वडीलपण स्थगित. मंडळीने मान डोलावली. अशा रीतीने देवाचा कायदा जुन्नरच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी दाखल झाला.

एप्रिल आला, सातवं वर्ष संपलं. शेजाऱ्याने माळ्यावरून पोतं काढलं आणि छाटणीला टोळी लावली. काड्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या, कात्रीला दाद देईनात, करवत लागली. छत उतरलं, ऊन सरळ जमिनीवर आलं. बायकांनी त्या दिवशी चपला काढल्या नाहीत. दगडाभोवतीच्या चार हातांत मात्र पुन्हा सारवण झालं होतं. शेजारी रविवारी मागच्या रांगेत बसत होता. बायको म्हणाली, “बरं झालं. आता मागं बसून बघतात, चहा कोन करतं त्ये.”

मेमध्ये मोजणीवाला आला. तरुण, टोपी उलटी घातलेला, तिपाईवरचं यंत्र घेऊन. सगळी मंडळी हजर, उपदेशकही मुद्दाम आलेला. दीडेक तास तो या बांधावरून त्या बांधावर फिरला, मोबाइलमध्ये पाहिलं, पुन्हा फिरला.

“दगड हद्दीचाच हाय,” तो म्हणाला. “सरकारी. जुना.”

शेजाऱ्याने डोळे मिटले. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उपदेशक पुढे झाला, सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “वडील.” एवढंच म्हणाला, आणि ते चांगलं म्हणाला.

“पण जागेवर न्हाई,” मोजणीवाला यंत्र पुसत म्हणाला. “चार फूट पलीकडं सरकलाय. या सरांच्या रानात. लई जुनं काम दिसतंय, दोन-तीन पिढ्यांमागचं. मूळ जागेवर आणायचा असंल तर सरांचा अर्ज लागंल.”

त्या शापाचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला एकाच वेळी कळला. शेजाऱ्याचे डोळे मंदिराच्या पत्र्याकडे गेले, आजोबांनी दिलेल्या त्या जागेकडे. मग तो माझ्याकडे बघू लागला. मंडळी बघू लागली. बांधावरून मावशी बघू लागली.

मी म्हटलं, राहू दे, गाळाने सरकला असेल.

गाळाने घडीव दगड सरकत नाही, हे तिथे जमलेल्या सगळ्या शेतकऱ्यांना माहीत होतं. मोजणीवाल्याने यंत्र गाडीत ठेवलं आणि निघताना दगडाला हात जोडले.

दगड आहे तिथेच आहे. माझा शेजारी अजून वडील आहे. त्या चार फुटांचा शेतसारा मी भरतो.